हवेतली तरंगलांबी

माझ्या शोधनिबंधातली चूक सांगायला सर अमरावतीहून अकोल्याला एस.टी.ने आले. मे महिना होता. अकोल्यात मे महिन्यात अकरानंतर कुणी कुणाकडे जात नाही. रस्त्यावर असतात ते नाइलाज असलेले लोक. सर साडेअकराला दारात उभे होते. डोक्या-कानाला पांढरा दुपट्टा गुंडाळलेला, हातात प्लास्टिकची फाइल. येतो म्हणून फोनही केला नव्हता.

मी त्यांना कूलरसमोर बसवलं, माठातलं पाणी दिलं. ते दोन पेले प्यायले. मग मी म्हणाले, "सर, स्वयंपाक तयारच आहे. आधी जेवून घ्या."

"नाही मॅडम," ते म्हणाले. "आधी सांगतो. मग तुमी जेवायले वाढता का नाही ते पाहू."

मी हसले. मला वाटलं, ते गंमत करताहेत.

सर म्हणजे माझे एम.एस्सी.चे प्रॅक्टिकलचे सर. अमरावतीतल्या एका कॉलेजात ते बरीच वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होते, मग उशिरा कायम झाले. वर्णपटाचे प्रयोग त्यांच्याकडे असत. अंधाऱ्या खोलीत सोडियमचा दिवा लावून तो तापेपर्यंत ते आम्हाला थांबायला लावायचे, आणि दिव्याच्या पिवळ्या रेषेची जागा तीनदा मोजल्याशिवाय वहीत लिहू द्यायचे नाहीत. वलगावहून रोज येणारी मी त्यांच्या वर्गात शिकले, की प्रत्येक मूलद्रव्य तापलं की ठरावीक रंगांचा प्रकाश देतं. वर्णपटात त्या रंगांच्या उभ्या रेषा दिसतात. कोट्यवधी प्रकाशवर्षं दूरच्या आकाशगंगेतून आलेल्या प्रकाशातही त्याच रेषा असतात, फक्त थोड्या सरकलेल्या. हे त्यांनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी घरी जाऊन बाबांना सांगितलं होतं. बाबा झेंडूच्या वाफ्यात पाणी सोडत होते. म्हणाले, "इतक्या लांबचं ते लोकाले समजते, अन् तहसीलमधलं आपल्याले समजत नाही."

सरांचाच विषय मी पुढे पीएच.डी.साठी घेतला. विषय असा. काही आकाशगंगा अगदी लहान आणि घट्ट असतात. त्यांच्यात तारे भराभर जन्मत असतात. चित्रांत त्या हिरव्या गोल ठिपक्यांसारख्या दिसतात, म्हणून आम्ही त्यांना मटार म्हणतो. त्यांच्या तरुण ताऱ्यांतून निघणारा फार तीव्र अतिनील प्रकाश सहसा बाहेर पडत नाही, भोवतीचा हायड्रोजन वायू तो गिळून टाकतो. पण काही मटारांमधून तो निसटतो. विश्व लहान होतं तेव्हा सगळीकडे पसरलेला वायू अशाच प्रकाशाने पारदर्शक झाला असावा, म्हणून तो निसटतो कसा आणि कुठून, हे जाणून घ्यायची सगळ्यांना घाई आहे. तो प्रकाश सरळ पकडणं अवघड असतं. मग आम्ही रेषांकडे वळतो. ऑक्सिजनच्या दोन रेषांतली कोणती किती तेजस्वी आहे ते बघतो. हायड्रोजनची एक अतिनील रेषा बघतो, जी वायूत ठेचकाळत बाहेर येते आणि त्यामुळे तिला उंटासारखी दोन मदारं येतात. मधे खळगा. वायूत कुठे मोकळी वाट असेल, तर थोडा प्रकाश न ठेचकाळता सरळ येतो आणि खळग्याच्या जागीही उजेड दिसतो.

मला एका मटारात तसा उजेड दिसला होता. बरोबर मध्यावर.

निबंध नियतकालिकाकडे गेला होता, एका परीक्षकाचं चांगलं मतही आलं होतं. मसुदा सगळ्यांना वाचता येईल असा इंटरनेटवर ठेवला होता. माझ्या भावाने ते गावात सांगितलं, गावातून ते अमरावतीच्या वार्ताहराकडे गेलं, आणि 'वलगावच्या लेकीला सापडली प्रकाशाची वाट' अशी बातमी छापून आली. माझ्या जुन्या शाळेने सत्कार केला. शाल, नारळ, बाबांच्याच मळ्यातल्या शेवंतीचा हार. बाबा पहिल्या रांगेत इस्त्रीच्या पांढऱ्या पायजम्यात बसले होते आणि शेजारच्याला सांगत होते की पोरगी मटारावर काम करते, पण तो मटार वेगळा.

सरांना मी मसुदा आपण होऊन पाठवला होता. त्यांचं मत हवं होतं असं नाही. त्यांनी तो पाहावा असं वाटत होतं. माझी नोकरी लागली त्या दिवसापासून ते मला 'मॅडम' आणि 'तुमी' म्हणू लागले होते. मला ते आवडायचं नाही, पण मी कधी बोलले नाही. त्यांची स्वतःची पीएच.डी.ची नोंदणी माझ्या कितीतरी आधीची. मुदतवाढ घेत घेत ती चालू होती. प्रबंध काही जमा होत नव्हता. त्यांच्या हाताखाली शिकलेले चार-पाच जण डॉक्टर झाले. स्टाफरूममध्ये कुणी म्हणायचं, "सरांचा प्रबंध म्हणजे रेल्वेचा पूल आहे, काम चालू." सर स्वतःही त्यावर हसायचे.

तर त्या दिवशी सरांनी फाइल उघडली, माझ्या मसुद्याचं शेवटून दुसरं पान काढलं आणि एका आकड्याखाली पेन्सिलीने ओढलेली रेघ दाखवली.

"हा आकडा कुठून घेतला तुमी?"

तो ऑक्सिजनच्या हिरव्या रेषेच्या तरंगलांबीचा होता. पाच हजार सहा पॉइंट आठ चार.

"तक्त्यातून," मी म्हणाले.

"कोणत्या तक्त्यातून?"

मला आठवेना. तो आकडा मला पाठ होता, इतकंच.

"आपल्या लॅबच्या भिंतीवरचा आहे हा," सर म्हणाले. "मीच चिकटवला तो तक्ता. वर लिहिलेलं आहे, हवेतली तरंगलांबी. लॅबमध्ये आपण हवेतच मोजतो ना. पण तुमची दुर्बिणीची माहिती निर्वातातली आहे. तथी हा आकडा पाच हजार आठ पॉइंट दोन चार पाहिजे."

पाच हजारांत जेमतेम दीडचा फरक. पण आकाशगंगा आपल्यापासून किती वेगाने दूर जाते आहे, ते मी त्या आकड्यावरून काढलं होतं. तिथला दीडचा फरक म्हणजे सेकंदाला ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. आणि मदारांचा मध्य कुठे, हे त्या वेगावरून ठरवलं होतं.

"मध्य सरकला तर उजेड मध्यावर राहत नाही," सर हळू म्हणाले. "तो उजव्या मदाराचा उतार आहे, मॅडम. मी तीनदा करून पाह्यलं. दोन दिवस. मंग निघालो."

आज मागे वळून पाहताना वाटतं, मला त्याच क्षणी कळलं होतं की ते बरोबर आहेत. म्हणूनच मी इतकी चिडले असेन. मी आधी म्हणाले की असं होऊच शकत नाही, माझ्या मार्गदर्शकांनी पाहिलंय, परीक्षकांनी पाहिलंय. मग मी म्हणाले, "सर, तुम्ही वीस वर्षं तीन-तीनदा मोजतच बसलात. म्हणून तुमचं काही बाहेर आलं नाही. माझं आलंय, तर तुम्हाला त्यात चूक दिसते."

कूलरचा आवाज चालू होता. सरांनी पान फाइलमध्ये घातलं, मग बाहेर काढलं आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवलं. दुपट्टा बांधला.

"एकदा तूच पाहून घे," ते म्हणाले. "मी फोनवर सांगितलं असतं तर तुले एकटीने ऐकावं लागलं असतं."

ते न जेवता गेले. बाराच्या उन्हात बसस्टँडपर्यंत चालत. मी दारातून हाक मारायला हवी होती. मारली नाही.

दार लावलं आणि कॉम्प्युटरसमोर बसले. प्रोग्रॅममधली एकच ओळ बदलायची होती. बदलली. आलेख पुन्हा उमटला. दोन्ही मदारं उजवीकडे सरकली आणि मध्य दाखवणारी शून्याची उभी रेघ, जी आतापर्यंत उजेडातून जात होती, ती नेमकी खळग्यात उतरली. खळगा जवळजवळ तळापर्यंत रिकामा होता. इतका नीट बसलेला आलेख मी त्या मटाराचा आधी कधी पाहिला नव्हता. तो बरोबर होता हे बघताक्षणी समजत होतं. दोन वर्षं मी एका वाकड्या चित्रावर खूश होते.

मी मार्गदर्शकांना फोन केला. ते दुसऱ्या शहरात असतात, कमी बोलतात. त्यांनी ऐकून घेतलं, म्हणाले, "माझंही लक्ष गेलं नाही. आजच संपादकांना लिहा, निबंध मागे घेतोय म्हणून." मग विचारलं, "कोणी पकडलं?"

मी सांगितलं.

"त्यांना लेखकांत घ्या," ते म्हणाले.

मी पत्र लिहिलं. चार ओळींचं पत्र लिहायला दुपार गेली. संध्याकाळी नवरा आला तेव्हा ताटं तशीच झाकलेली होती. त्याला सगळं सांगितलं, सरांना काय बोलले तेही. तो म्हणाला, "निबंधाचं होईल काही तरी. सरांकडे जाऊन ये."

दोन दिवसांनी मी अमरावतीला गेले. मूर्तिजापूर, बडनेरा, नेहमीचा रस्ता. पण बसमध्ये मी काय बोलायचं ते जुळवत होते आणि काही जुळत नव्हतं. सर कॉलेजच्या लॅबमध्येच भेटले. सुट्टी होती तरी ते येत असत. स्पेक्ट्रोमीटरच्या भिंगांना मऊ फडकं लावत बसले होते.

"सर, मी जे बोलले..."

"त्यात खोटं काय बोलली तू?" ते म्हणाले. "बस."

मी बसले. भिंतीवर तो तक्ता होता. वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात, हवेतली तरंगलांबी. मी दोन वर्षं त्याच्याखाली बसून वही भरली होती.

नव्याने लिहीन त्या निबंधात तुमचं नाव घालायचंय, असं मी सांगितलं. ते नाही म्हणाले. फक्त एक आकडा पाहिला, त्याचं काय नाव घालायचं. मी हट्ट धरला तेव्हा ते उठले आणि लोखंडी कपाट उघडलं. मला वाटलं, विषय बदलायला काही तरी दाखवताहेत. कपाटात फाइलींच्या तीन रांगा होत्या. प्रत्येक फाइल एका आकाशगंगेची. आत प्रत्येक रेषेची उंची, रुंदी, जागा. तीनदा मोजलेली, तीन वेगळ्या तारखांना, आणि शेवटी सरासरी. ऑक्सिजन, हायड्रोजन, गंधकाच्या क्षीण रेषासुद्धा. सर्वात खालच्या कप्प्यात प्रबंधाची टाइप केलेली प्रकरणं. सहाही. संदर्भसूचीसकट.

मी पानं चाळत राहिले. मग विचारलं, "सर, हा तर पूर्ण आहे."

"हो."

"मग काहून नाही दिला?"

ते परत स्टुलावर बसले. तरुण असताना त्यांनी एका परिषदेत पहिल्यांदा निबंध वाचला होता, असं त्यांनी सांगितलं. मोठे लोक समोर होते. एकाने उठून विचारलं की तिसऱ्या आलेखात चिन्ह उलटं आहे का. होतं. तो माणूस हसला, मग सगळे हसले, आणि सर उरलेली पाच मिनिटं उलट्या चिन्हावरच बोलत राहिले. त्यांना थांबता येईना.

"तवापासून असं वाटते," सर म्हणाले, "का एखादा आकडा राहिला असंल. दरवेळी जमा करायले निघतो, अन् मंग म्हणतो, एकदा पाहून घेऊ."

मी पानं नीट लावून मांडीवर ठेवली. म्हणाले, "माझा तर अख्खा निबंध पडला. पेपरात नाव येऊन पडला. बसली आहे ना मी तुमच्यासमोर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "शाळेले सांगितलं काय?"

तो विचार माझ्या मनातही आला होता आणि मी तो बाजूला सारला होता. सत्कार तर होऊन गेला. पण सरांनी विचारल्यावर मला खोटं बोलवेना. म्हणाले, "सांगीन. तुम्ही याल का सोबत?"

शाळा उघडल्यावर जूनच्या शेवटी आम्ही वलगावला गेलो. मुख्याध्यापिकाबाईंना हे काही पटलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "अहो, कोणाच्या लक्षातही नाही ते. पोरींना उगाच कशाला?" पण दहावीचा एक तास दिला. सर मागच्या बाकावर बसले. बाबाही आले, त्यांना मी आदल्या दिवशी फोनवर सांगितलं होतं. ते म्हणाले, "मंग तो नारळ वापस करा लागते काय? आपण तर फोडला." आणि मला किती दिवसांनी हसू आलं.

वर्गात मी फळ्यावर दोन मदारं काढली. खळगा काढला. मागच्या वेळी काय सांगितलं होतं आणि ते का चूक होतं, ते सांगितलं. हवेतून जाताना प्रकाश किंचित हळू चालतो, म्हणून त्याची तरंगलांबी हवेत थोडी कमी भरते. मी दोन वेगळ्या मापांची गाठ मारली. मुली ऐकत होत्या, जसं दुसरं काहीही त्यांनी ऐकलं असतं तसं.

प्रश्न विचारा म्हटल्यावर एका मुलीने हात वर केला. "मॅडम, मंग तुमचे मार्क कापले काय?"

"निबंध परत घ्यावा लागला. पुन्हा लिहायचा."

"म्हंजे पुरवणी परीक्षा."

"हो. तसंच."

"अन् चूक काढली कोणं?"

मी मागच्या बाकाकडे हात केला. सगळ्या मुली वळल्या. सर अर्धवट उभे राहिले, मग बसले, मग पुन्हा उभे राहिले. दुसरीने त्यांना विचारलं, "सर, तुमची कधी चूक होत नाही काय?"

"होते ना," ते म्हणाले. "माझं एकदा चिन्ह उलटं झालं होतं. चारचौघांत."

"मंग?"

"मंग काय. लोक हसले."

मुलीही हसल्या, थोड्या. घंटा झाली आणि त्या पाणी प्यायला पळाल्या. वर्गात फक्त आम्ही तिघं उरलो. बाबा सरांजवळ जाऊन म्हणाले, "पोरीची चूक तुमीच काढली ना. बरं केलं. घरच्या माणसानं काढली म्हंजे बरं असते." मग त्यांना मळ्यात घेऊन गेले आणि नको नको म्हणत असताना पिशवीभर वांगी दिली. सर वाफ्यांच्या मधून जपून पाय टाकत चालत होते. परतीच्या ऑटोत पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. अमरावती आलं तेव्हा म्हणाले, "पहिलं प्रकरण तू वाचशील काय? लाल पेन घेऊन."

मी सहाही वाचली. दर पंधरा दिवसांनी एक. चुका निघाल्या, सगळ्या लहान: एक एकक राहिलेलं, एका आकृतीचा क्रमांक दोनदा आलेला. प्रत्येक चूक सांगताना मला भीती वाटायची की आता ते प्रकरण परत कपाटात जाईल. दोनदा गेलंही. तिसऱ्या प्रकरणाच्या वेळी महिनाभर त्यांनी फोन उचलला नाही. मग एके दिवशी त्यांच्या पत्नीचा फोन आला. "तुम्ही या," त्या म्हणाल्या, "हे पुन्हा सगळं मोजून राह्यले." मी गेले. आम्ही दोघांनी मिळून एकच आकाशगंगा पुन्हा मोजली, आकडे जुळले, आणि मी फाइल उचलून पर्समध्ये घातली. सर बघत राहिले, पण अडवलं नाही.

दरम्यान आमचा निबंध नव्याने लिहिला गेला. त्यात सरांच्या फाइलींमधल्या आठ मटारांची मोजमापं आली, म्हणून नाव नको म्हणायला त्यांना जागा उरली नाही. निष्कर्ष पहिल्यापेक्षा फार लहान होता. ऑक्सिजनच्या रेषांचं प्रमाण जास्त असलं म्हणजे प्रकाश निसटतोच असं नाही. माझ्या लाडक्या मटारातून तो निसटत असल्याचा काही पुरावा नाही. दुसऱ्या एकात मात्र मदारं अगदी जवळजवळ आहेत, म्हणजे वायू विरळ असावा, आणि तिथे वाट असू शकेल. परीक्षकाने दोन शंका काढल्या. त्यांची उत्तरं सरांनी दिली, चार-चार पानांची, आणि मी ती अर्ध्या पानावर आणली. निबंध छापून आला. या वेळी बातमी कुठेच आली नाही.

सरांचा प्रबंध अखेर जमा झाला आणि पुढच्या वर्षी हिवाळ्यात त्यांची तोंडी परीक्षा झाली. हॉलमध्ये त्यांचे जुने विद्यार्थी होते, स्टाफरूममधले पुलाचे विनोद करणारेही होते. पहिल्या रांगेत त्यांच्या पत्नी होत्या, कोशाच्या साडीत, हातात हात घट्ट गुंफून. सर चाळीस मिनिटं बोलले. शेवटी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं की वायूसोबत धूळही असेल तर त्यांचं मोजमाप किती बदलेल.

सर थांबले. मला वाटलं, आता ते त्या प्रश्नावर थांबता न येता बोलत राहतील.

"किती ते मला माहीत नाही," ते म्हणाले. "मी धूळ मोजलेली नाही. मोजायला हवी."

परीक्षकांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला.

नंतर आम्ही सगळे चौकात गिलावडा खायला गेलो. सरांना लोक 'डॉक्टरसाहेब' म्हणत होते आणि ते दरवेळी मागे वळून कोण आलं ते बघत होते. मला ते पुन्हा 'तू' म्हणतात, त्या दिवसापासून नाही, आदल्या वर्षीच्या त्या मे महिन्यापासून.

मार्चमध्ये त्यांचा फोन आला. विद्यापीठाच्या ग्रंथालयात ठेवलेल्या प्रबंधात एका तक्त्यात दोन ओळींची अदलाबदल झाली होती. त्यांना ती आदल्या दिवशी दिसली. मी विचारलं, "मग आता?"

"आता काय," सर म्हणाले. "शुद्धिपत्राची चिठ्ठी टाइप केली. डिंक घेऊन चाललो ग्रंथालयात. तू रविवारी येत आहेस ना? त्या जवळच्या मदारांच्या मटाराचं नवं निरीक्षण आलं आहे. मी अजून एकदाच मोजलं."